तापलेल्या इंजिनाचा हट्ट

थंडीच्या दिवसांत पहांटे मोटार सुरू होत नाहीं, याचें कोणाला फारसें नवल वाटत नाहीं. रात्रभर गारठलेलें यंत्र सकाळीं थोडेंफार कुरकुरणारच, हें घरांतील लहान मूलहि समजूं शकतें. पण जी मोटार भर दुपारीं चाळीस मैल विनातक्रार धांवून आली, ती दहा-पंधरा मिनिटें चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याचें साफ नाकारते, तेव्हां मालकाची मति गुंग होते. आणखी चमत्कार असा कीं, कारागिराला बोलावून आणीपर्यंत तासभर जातो, आणि तो येऊन कळ दाबतो तों मोटार जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत सुरू होते. वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवतांच दाढदुखी थांबावी, त्यांतलाच हा प्रकार. कारागीर हंसतो, मालक खजील होतो, आणि दोष बहुधा बिचाऱ्या ड्रायव्हरच्या माथीं येतो.

या दुखण्याचा इतिहास मोटारीच्या इतिहासाइतका जुना नाहीं, ही त्यांतली पहिली लक्षांत घेण्याजोगी गोष्ट. अगदीं आरंभींच्या मोटारींना दुसरे रोग पुष्कळ होते. हा मात्र त्या गर्दींत दिसत नव्हता. तो आला सुधारणांच्या पाठोपाठ, आणि एकेका सुधारणेबरोबर अधिक बळावत गेला. म्हणूनच त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

जर्मनींत मानहाइम येथें कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिचें इंजिन एकाच सिलिंडरचें असून त्याची शक्ति एका घोड्याचीहि पुरती नव्हती. सुरू करावयाचें म्हणजे पाठीमागचें आडवें गतिचक्र हातानें फिरवावयाचें. सिलिंडरभोंवतीं पाणी असे. तें तापून उकळे, वाफ होऊन उडून जाई, आणि उडालें तेवढें पुन्हा ओतावें लागे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझ यांच्या पत्नी बेर्था या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगतां, याच घडणीच्या गाडींतून माहेरीं फोर्झहाइमला निघाल्या. सुमारें शंभर किलोमीटरांचा तो प्रवास आज जगप्रसिद्ध आहे. वाटेंत वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून त्यांनीं लिग्रोइन नांवाचें हलकें खनिज तेल विकत घेतलें, कारण पेट्रोलचें दुकान तेव्हां पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नव्हतें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनें मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेवरचें आवरण झिजलें तेथें पायमोजा बांधण्याचा बंद गुंडाळला. आणि पाणी तर वाटेंत जेथें मिळेल तेथून भरावें लागलें. रस्त्यावर बिघडलेल्या मोटारीची पहिली पद्धतशीर चिकित्सा एका गृहिणीनें केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि बेर्थाबाईंच्या तक्रारींच्या यादींत आपलें दुखणें नाहीं, आणि त्याला कारण आहे. बेंझ यांच्या गाडींत हवा तेलाच्या पृष्ठभागावरून वाहत जाई आणि जातांना त्याची वाफ बरोबर घेऊन सिलिंडरांत शिरे. म्हणजे तेलाची वाफ होणें हाच त्या यंत्राचा आधार होता. पुढें १८९३ च्या सुमारास व्हिल्हेल्म मायबाख यांनीं फवाऱ्याचा कार्ब्युरेटर काढला. त्यांत एका लहानशा पेल्यांत तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखतो, आणि बारीक तोटींतून तें पेट्रोल तुषारांच्या रूपानें हवेच्या झोतांत मिसळतें. ही युक्ति इतकी सरस ठरली कीं पुढील पाऊणशें वर्षे मोटारीचें जग तिच्यावर चाललें. पण तिची एक अट होती: पेट्रोल तोटीपर्यंत द्रवरूपानेंच पोंचलें पाहिजे. वाफ तोटीच्या पलीकडे झाली तर ती मित्र, अलीकडे झाली तर वैरी. जुन्या यंत्राचा आधार नव्या यंत्राचा शत्रु झाला तो येथें.

मायबाख यांचीच दुसरी करामत म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या आणि पुढच्या मार्चमध्यें नीस येथील शर्यतींत गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला तो प्रथम बसविला. सहा मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० नळ्या एकत्र जोडून तो केलेला होता आणि त्याला अवघें नऊ लिटर पाणी पुरे. पूर्वीच्या गाड्यांना पाण्याचीं पिंपें वाहून न्यावीं लागत, त्या मानानें हा केवढा फरक! मात्र या व्यवस्थेंत सारें बळ गतीचें आहे. पाणी फिरत असतें, पंखा वारा घालीत असतो, तोंवर इंजिनाची उष्णता बाहेर जाते. इंजिन बंद झालें कीं पाणी थांबलें, पंखा थांबला, वारा थांबला. परंतु लोखंडांत मुरलेली उष्णता कांहीं कळ फिरवून बंद करतां येत नाहीं. ती आजूबाजूला पसरत राहते. म्हणून मोटार उभी केल्यानंतरचीं पहिलीं दहा-वीस मिनिटें बॉनेटखालची हवा चालत्या मोटारींतल्यापेक्षांहि अधिक तापलेली असते. चहाला थांबण्याचा आणि या तापाचा काळ नेमका एकच. या दुखण्याचें अर्धें रहस्य एवढ्यांत आहे.

फोर्डच्या ‘टी’ मोटारीचा येथें मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक अशा गाड्या निघाल्या. तिची टांकी पुढच्या बैठकीखालीं होती आणि पेट्रोल आपल्या वजनानेंच कार्ब्युरेटरकडे उतरत असे. पंपाचें नांवच नव्हतें. टांकींत पेट्रोल थोडें असलें म्हणजे उभ्या चढावर तें पुढें येईना, तेव्हां लोक सरळ गाडी उलटी फिरवून मागच्या बाजूनें चढ चढत. हंसूं येण्यासारखी गोष्ट खरी, पण साधेपणाची किंमत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पेट्रोल वरून खालीं येत असल्यामुळें नळींत वाफेचा बुडबुडा झालाच तर त्याला वर निसटून जाण्यास वाव राही. इतकेंच नव्हे, तर चांगल्या स्थितींतली ‘टी’ गाडी तापलेली असतां कधीं कधीं हँडलाला हात न लावतां सुरू होई. सिलिंडरांत पेट्रोलमिश्रित हवेचा एक घोट शिल्लक राहिलेला असला आणि दट्ट्या अनुकूल जागीं थांबलेला असला, म्हणजे ठिणगीची कळ लावतांच भडका होऊन इंजिन आपसुक चालूं लागे.

हँडल मारणें हें मात्र जिवावरचें काम होतें. ठिणगी वेळेआधीं पडली तर इंजिन उलटा झटका देई, आणि हँडल धरणाऱ्याचें मनगट वा हात मोडे. तापलेली गाडी अडून बसली म्हणजे हा धोका वाढे, कारण चिडलेला मनुष्य दहाव्या वेळीं सावधगिरी विसरतो. डेट्रॉइटकडे १९०८ सालीं वारलेल्या बायरन कार्टर नांवाच्या मोटार कारखानदाराच्या मृत्यूला असाच हँडलाचा तडाखा कारण झाला आणि त्यावरून कॅडिलॅकच्या हेन्री लीलंड यांनीं हँडल हद्दपार करण्याचें मनावर घेतलें, अशी कथा सांगतात. तिच्या तपशिलाविषयीं मतभेद आहेत. निर्विवाद आहे तें हें कीं, चार्ल्स केटरिंग यांनीं १९११ सालीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांना तो बसला. दुकानांतील रोकड मोजण्याच्या यंत्राला पूर्वी त्यांनीं विजेची मोटर जोडली होती. लहान मोटरकडून क्षणभर तिच्या शक्तीबाहेरचें काम घेतलें तर ती जळत नाहीं, हा तेथला अनुभव त्यांच्या उपयोगी पडला. हातांचीं हाडें वाचलीं, आणि स्त्रियांनाहि दुसऱ्याच्या मदतीवांचून मोटार हांकणें सोपें झालें.

पण या सुखानें अपेक्षाहि बदलल्या. पूर्वी दहा मिनिटें खटपट करणें हा मोटारवाल्याच्या दिनचर्येचा भाग होता; आतां कळ दाबली कीं इंजिन बोललें पाहिजे, नाहींतर गाडी खराब! थंड इंजिन पहिल्या दाबास सुरू व्हावयाचें तर पेट्रोलचा कांहीं अंश अगदीं हलका, चटकन् उडून जाणारा असावा लागतो. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, तें अनेकांचें मिश्रण आहे. त्यांतील सर्वांत हलके अंश ३५-४० अंश सेंटिग्रेडलाच उकळूं लागतात, तर जड अंशांना २०० अंशांच्या आसपास जावें लागतें. अमेरिकेंतील कारखानदार तेलविहिरींतून निघणाऱ्या वायूपासून मिळणारें अतिशय चंचल पेट्रोल साध्या पेट्रोलमध्यें मिसळूं लागले. थंडींत गिऱ्हाईक खूष झालें. उन्हाळ्यांत तेंच पेट्रोल नळींत उकळूं लागलें.

त्याच सुमारास मोटारीची ठेवणहि पालटली. टांकी गाडीच्या मागच्या टोंकाला, खालीं गेली. सुरक्षिततेच्या व सोयीच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु आतां पेट्रोल आपण होऊन वर येईना. आरंभीं इंजिनाच्या ओढीवर चालणारी निर्वात टांकी वापरीत. १९३० पर्यंत तिची जागा इंजिनाच्या कुशीलाच स्क्रूंनीं बसविलेल्या पडद्याच्या पंपानें घेतली. या पंपाची जागा पाहिली म्हणजे आश्चर्य वाटतें. त्याला चालना इंजिनाच्या दांड्याकडून मिळावयाची, म्हणून तो इंजिनाला चिकटलेला. आणि इंजिनाला चिकटलेला, म्हणून त्याच्याबरोबर भाजून निघणारा. शिवाय तो लांबच्या टांकींतून पेट्रोल शोषून घेतो, आणि शोषतांना नळींतला दाब कमी होतो. दाब कमी झाला कीं उकळणेंहि कमी तापमानावर होतें. एकदां पंपांत वाफ भरली कीं पडदा वरखालीं होऊन तीच वाफ दाबतो आणि सोडतो. पेट्रोलचा थेंब पुढें सरकत नाहीं. यालाच ‘व्हेपर लॉक’ हें नांव पडलें. रोग इतका बोकाळला कीं १९३० च्या सुमारास अमेरिकेंत पेट्रोलचा बाष्पदाब मोजण्याची रीड पद्धति प्रमाणभूत म्हणून पुढें आली, आणि हिवाळ्याचें पेट्रोल निराळें व उन्हाळ्याचें निराळें, असा भेद कारखाने कांटेकोरपणें पाळूं लागले.

आतां खरी गुंतागुंत पुढें आहे. तापलेली मोटार सुरू न होण्याचें हें एकच कारण असतें तर कारागिरांचा पिढ्यान् पिढ्या गोंधळ झाला नसता. उष्णतेनें कार्ब्युरेटरच्या पेल्यांतलें पेट्रोलहि उकळतें; तें उतूं जाऊन तोटींतून इंजिनाच्या श्वासमार्गांत ठिबकत राहतें, आणि सिलिंडरांत हवेच्या मानानें पेट्रोल फार होतें. म्हणजे एका गाडीला पेट्रोल मिळत नाहीं म्हणून ती अडते, दुसरी पेट्रोलनें तुडुंब झाली म्हणून अडते. लक्षण दोहोंचें एकच, औषध नेमकें उलट! उपाशी माणसाला लंघन आणि अजीर्ण झालेल्याला जेवण, असा उपचार यामुळें हजारों वेळां झाला असेल. चोक ओढून आणि पायानें ॲक्सिलरेटर पुन:पुन्हां दाबून अजीर्णाच्या गाडीला आणखी पेट्रोल पाजणें ही तर सार्वत्रिक चूक.

यांतून वाट काढण्याची जुन्या जाणत्या कारागिरांची रीत साधी होती, आणि तिचें पहिलें सूत्र असें कीं, रोग अंगांत असतांनाच रोग्याला तपासावें. गाडी निवल्यावर तपासून उपयोग नाहीं. प्रथम कान. स्टार्टर नेहमीच्या वेगानें इंजिन फिरवतो कीं कण्हत, रखडत? रखडत असेल तर पेट्रोलचा विचार सोडून विजेकडे वळावें. तांब्याची तार तापली म्हणजे तिचा विरोध वाढतो; २० अंशांवरून ९५ अंशांवर गेली तर तो सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक होतो. बॅटरी कमजोर असेल किंवा तिच्या टोंकांवर गंज चढला असेल, तर थंडपणीं निभावून जाणारा स्टार्टर तापल्यावर दम टाकतो. कानानंतर नाक. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा उग्र दर्प आला तर अजीर्ण समजावें. मग चोक मोकळा ठेवून ॲक्सिलरेटर एकदांच पूर्ण दाबून तसाच धरावा आणि स्टार्टर फिरवावा, म्हणजे भरपूर हवा आंत जाऊन साचलेलें पेट्रोल धुवून निघतें. दर्प मुळींच नसेल आणि कार्ब्युरेटर कोरडा असेल, तर पंपावर ओलें फडकें टाकून थोडा वेळ बसावें. पंप निवला कीं वाफेचें पुन्हा पेट्रोल होतें.

स्टार्टर जोमानें फिरतो आणि पेट्रोलहि ठीक आहे, असें झालें म्हणजे संशय ठिणगीवर येतो. प्लगची तार काढून तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरीत आणि ठिणगीचा रंग पाहत. निळी, कडकडीत ठिणगी म्हणजे प्रकृति उत्तम, पिवळसर आणि अशक्त ठिणगी म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर दुखावलेला. कंडेन्सर ही बोटाच्या पेराएवढी वस्तु, पण तिच्या आंतलें वेष्टन उष्णतेनें दगा देऊं लागलें म्हणजे थंडपणीं निर्दोष वाटणारी गाडी तापल्यावर हमखास बंद पडे, आणि निवली कीं पुन्हा चाले. पेट्रोलचा वास येत असतां ही परीक्षा करूं नये, हें ज्यांना कोणी सांगितलें नव्हतें त्यांच्या गाड्या जळाल्या. रेडिएटरच्या झांकणाचीहि तीच गोष्ट. १९३० नंतर दाबाचीं झांकणें हळूहळू प्रचारांत आलीं. दाबाखालीं पाणी १०० अंशांपलीकडे गेलें तरी उकळत नाहीं. पण तापलेल्या गाडीचें झांकण घाईनें उघडलें कीं दाब एकदम उतरतो आणि तेंच पाणी उसळून तोंडावर येतें. जुन्या, बिनदाबाच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसांना हा बदल फार महागांत पडला.

मुंबई-पुण्याच्या लोकांना या प्रकरणाचा परिचय पुस्तकांवरून झाला नाहीं. तो बोरघाटानें करून दिला. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत थोड्या मैलांत रस्ता कांहींशें मीटर वर चढतो. खालच्या गीअरमध्यें इंजिन जोरानें फिरतें, गाडीचा वेग मात्र थोडा, त्यामुळें समोरून वारा मिळत नाहीं. उंचावर हवेचा दाबहि थोडा उतरतो, आणि पाणी काय, पेट्रोल काय, दोन्ही अंमळ लौकर उकळतात. घाटमाथ्यावर पोंचून विसांवा घ्यावयाचा, म्हणजे वर सांगितलेलीं सारीं कारणें एकत्र जुळून आलीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी फियाट आणि तिचेंच पुढचें रूप असलेली पद्मिनी, तशीच उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, या दोहोंचेहि पंप त्या काळच्या जगांतल्या बहुतेक गाड्यांप्रमाणें इंजिनालाच लागून होते. मे महिन्यांत बॉनेट उघडून पंपावर ओलें फडकें टाकलेली गाडी आणि शेजारीं झाडाच्या सावलींत बसलेलें कुटुंब, हा देखावा एका सबंध पिढीच्या आठवणींत आहे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना तर ही चिकित्सा तोंडपाठ असावी लागे; सुरू न होणारी टॅक्सी म्हणजे बुडालेलें भाडें.

कारखानदार स्वस्थ बसले नव्हते. कार्ब्युरेटर आणि त्याखालची तापलेली नळी यांच्यामध्यें बेकलाइटची जाड चकती आली, उष्णता अडविणारे पत्रे आले. परंतु मूळ अडचण मिटली ती कार्ब्युरेटरच गेल्यामुळें. १९६७ सालीं बॉश कंपनीनें इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानें पेट्रोल पिचकारीसारखें आंत सोडणारी योजना फोक्सवॅगन गाडीवर आणली. विजेचा पंप पुढें टांकीच्या पोटांतच बसूं लागला, आणि शोषण्याऐवजीं तो पेट्रोल पुढें ढकलूं लागला. दाबाखालचें पेट्रोल सहजासहजीं उकळत नाहीं. तरीहि इंजिन बंद झाल्यावर दाब उतरला तर जुनें दुखणें पुन्हा डोकें वर काढी. म्हणून १९७३ च्या के-जेट्रॉनिक योजनेंत इंजिन थांबल्यानंतरहि नळींत कांहीं काळ दाब टिकवून धरणारा एक स्वतंत्र डबा ठेवावा लागला. हिंदुस्थानांत धुराचे निर्बंध २००० सालापासून कडक झाले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर थोड्याच वर्षांत दिसेनासा झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निघून गेली.

आजच्या कित्येक गाड्यांत इंजिन बंद करून, दार लावून मालक चालूं लागला तरी बॉनेटखालचा विजेचा पंखा मिनिट दोन मिनिटें फिरतच राहतो. लोखंडांत मुरलेली उष्णता तो बाहेर घालवीत असतो. नवखा मालक तो आवाज ऐकून दचकतो, आणि गाडींत कांहींतरी बिघडलें म्हणून परत फिरतो.